शांतवनची पेटी गेली

भिंगारच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात शांतवन भिंगारदिवेचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. पेटी म्हणजे भजनातली, चर्चमधली, शाळेच्या गॅदरिंगमधली वाजवायची पेटी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ या एका शब्दानं घातला. शब्दानं घातला म्हणणं हाही शांतवनचा बचाव करणंच झालं. घोळ त्यानं स्वतः घातला, शब्द बिचारा मध्ये सापडला.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. शटर नाही, लाकडी फळ्यांचं दार आणि त्याला एक कुलूप. आत तिन्ही भिंतींना फळ्या मारलेल्या आणि फळ्यांवर पेट्याच पेट्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या बसलेल्या, कुणाचा एखादाच सूर रुसलेला. यातली एकही शांतवनच्या मालकीची नाही. त्याचा बाप हेच काम करायचा. बापानं कधी पावती फाडली नाही, म्हणून मुलानंही फाडली नाही. गिऱ्हाईक यायचं, पेटी ठेवायचं, "बघा जरा मास्तर" म्हणायचं आणि निघून जायचं. सप्ताह जवळ आला, नाताळ जवळ आला, की आठवण यायची. तोवर कोणी विचारलं, पेटी कुठंय, तर उत्तर ठरलेलं, शांतवनकडं टाकलीय. एवढं म्हटलं की माणूस निर्धास्त. दुकान चालायचं ते लोकांच्या या निर्धास्तपणावर. शांतवनला हे माहीत होतं, पण जे रोज असतं त्याचं कौतुक त्याला कधीच वाटत नसे.

त्याला कौतुक असायचं ते दुसऱ्याकडे काय आहे त्याचं. कौतुक हा शब्द मी सांभाळून वापरतोय. त्याची बायको सारा बालवाडीत शिकवून रिटायर झालेली, ती सरळ म्हणायची, "अहो, तुम्हांला दुसऱ्याचं बरं बघवत नाही." मेव्हण्यानं नवी फरशी घातली की शांतवनचे गुडघे दुखायला लागायचे. चर्चमध्ये दुसऱ्या कुणाला शास्त्रपाठ वाचायला सांगितला की याला त्या दिवशी उपदेशात काही राम वाटायचा नाही. बाकी माणूस चांगला. हात तर असा की मेलेल्या सुरात जीव घालावा. पण पोटात एक जळतं लाकूड कायमचं.

त्या लाकडाला दहा वर्षं रोज फुंकर घालत होता गोरक्षनाथ शेळके. हा पाथर्डीकडचा माणूस. भिंतीला भिंत लागून याच्या शेजारी मोबाईलचं दुकान टाकलं. काचेचं दार, आत गार हवा, वर चमचमता बोर्ड. संध्याकाळी तो बोर्ड लागला की शांतवनच्या जुन्या पाटीवर निळा-तांबडा उजेड पडायचा आणि पाटीवरची अक्षरं वाचता यायची नाहीत. गोरक्षनाथ याला आदरानं मास्तर म्हणायचा, येता-जाता नमस्कार करायचा. शांतवनला त्या नमस्कारातही भाव खाल्ल्याचा वास यायचा.

गेल्या जानेवारीत एका सकाळी बोळात आरडाओरड झाली. रात्रीतून तीन दुकानं फुटली होती. गोरक्षनाथचं मोबाईलचं, पलीकडचं कापडाचं आणि कोपऱ्यावरचं मेडिकल. शटरं खालून उचकटून वर वाकवलेली. शांतवन धावत आला, तर त्याचं कुलूप जसंच्या तसं लटकत होतं. त्यानं डोळे मिटून देवाचे आभार मानले. ते मनापासून मानले, पण ते आभार फार तर चहाच्या वेळेपर्यंत टिकले.

कारण तेवढ्यात पोलीस आले. पंचनामा सुरू झाला. एक हवालदार शांतवनच्या दारापाशी आला, त्यानं कुलूप बोटानं हलवून बघितलं, फटीतून आत डोकावला आणि साहेबांना सांगितलं की हे दार तर लाथेनं पडलं असतं, पण इथं चोराला काय मिळणार. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. दोन-चार जण हसले. शांतवनही हसला. पण ते वाक्य त्याच्या नाकाला मिरचीसारखं झोंबलं. चाळीस वर्षं ज्या बाजारात बसलो, तिथं फुटायचीसुद्धा आपली लायकी नाही. मागून येऊन दहा वर्षं झालेला माणूस चोरांच्या नजरेत भरतो आणि आपण त्यांच्या खिजगणतीतही नाही.

पुढचे दोन दिवस बोळाला जत्रेचं रूप आलं. बातमीवाले आले, वाकलेल्या शटरपाशी उभं करून गोरक्षनाथला बोलायला लावलं. तो मोबाईलवर दिसायला लागला. पाथर्डीहून पाहुणे जीप भरून आले. व्यापारी असोसिएशनचे लोक आले. ज्यांनी कधी त्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती ते समाचाराला आले आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मोबाईलचं कव्हर घेऊन गेले. गोरक्षनाथ सगळ्यांना हात जोडत होता, डोळे पुसत होता. शांतवन फळीवर बसून एका पेटीचा भाता चिकटवत हे सगळं बघत होता आणि चामडं पुन्हा पुन्हा वाकडं बसत होतं.

सगळ्यात लागलं ते जस्टिनचं. जस्टिन चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी, शांतवनच्याच आळीतला. तोही आला, गोरक्षनाथच्या खांद्यावर हात ठेवून दहा मिनिटं उभा राहिला, त्याच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाला आणि शांतवनला नुसती मान हलवून निघून गेला. शांतवननं घरी येऊन साराला सांगितलं की या गावात चांगल्या माणसाला कोणी विचारत नाही, त्यासाठी आधी चोर यावे लागतात. सारा म्हणाली, "मग काय, चोरांना पत्ता देऊ का?"

शांतवनच्या डोळ्याला गर्दी दिसली, गर्दीमागचं दिसलं नाही. गोरक्षनाथकडचे नवे मोबाईल गेले होतेच, पण दुरुस्तीला दिलेले लोकांचेही गेले होते. कुणाच्या मुलीचे बारशाचे फोटो त्यात होते, कुणा फौजीचे सगळे नंबर. ती माणसं समाचाराला आली नव्हती, भांडायला आली होती. बोळातही फरक पडला होता. बायका दिवेलागणीच्या आत खरेदी उरकून परतायला लागल्या. मेडिकलवाला आठला बंद करायचा तो सातला करू लागला. कापडवाल्यानं नवा माल भरायचा थांबवला. एक दुकान लवकर मिटलं की शेजारचं ओसाड दिसतं, मग तेही मिटतं. चोरांनी एका रात्रीत तीन शटरं वाकवली, पण बोळाची कंबर हळूहळू वाकत होती. हे सगळे बोलत होते आणि शांतवन ऐकतही होता. पण त्याच्या मनात एकच हिशेब होता, त्याच्याकडे कोण कोण गेलं आणि माझ्याकडे कोण आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेबाच्या चहाच्या टपरीवर बोळातले दुकानदार जमले. कॅमेरे बसवायचे, राखणीला माणूस ठेवायचा, असं बोलणं होतं. प्रत्येक जण आपलं काय गेलं ते सांगत होता आणि बाकीचे चुकचुकत होते. गोरक्षनाथ बोलायला लागला तसा काकासाहेबानं त्याला न विचारता चहा दिला, त्यात आलं जास्त. शांतवनच्या हातात अजून ग्लास नव्हता. काकासाहेबाला मग त्याची आठवण झाली. त्यानं सहज विचारलं, "मास्तर, तुमचं काय गेलं?"

आता इथं एक सांगायला हवं. शांतवनच्या धंद्यात 'पेटी गेली' म्हणजे दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाच्या घरी गेली. चोरीच्या आदल्या संध्याकाळी कोल्हारच्या भजनी मंडळाचे गहिनीनाथ महाराज आले होते आणि त्यांची पेटी टेम्पोत घालून घेऊन गेले होते. सारा रोज विचारायची, आज काय झालं, तर हा सांगायचा, एक पेटी गेली. चाळीस वर्षांची बोलायची सवय.

शांतवननं टपरीवरच्या सगळ्या तोंडांकडे बघितलं. मग मान खाली घातली, एक उसासा टाकला आणि म्हणाला, "आमचीबी एक पेटी गेली."

उसासा टाकला नसता तर मी त्याला माफ केलं असतं.

काकासाहेबानं ग्लास भरून हातात दिला. कापडवाला म्हणाला, मास्तर, तीन दिवस बोलला नाहीत? शांतवन म्हणाला, काय बोलायचं, तुमच्या दुःखापुढं आमचं काय. मागचा दरवाजा, मागची खिडकी असं कुणीतरी विचारायला लागलं, तर त्यानं फक्त हात हलवला. खोटं असं एक अक्षर तो बोलला नव्हता, असं त्यानं स्वतःला त्या संध्याकाळी निदान वीस वेळा सांगितलं.

त्याला हवं ते सगळं मिळालं. अंगावर मूठभर मांस चढलं. बोळातला प्रत्येक जण थांबून बोलू लागला. पलीकडच्या गल्लीत तर बातमी आणखी फुगली. तिथल्या पोरासोरांना पेटी म्हणजे लाख रुपये एवढंच माहीत, सिनेमात तसंच म्हणतात. तेव्हा शांतवनच्या दुकानात लाखभर रुपये होते असं त्या गल्लीत पसरलं आणि तिथला किराणावाला त्याला पहिल्यांदाच शेठ म्हणाला. शांतवननं ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्तीचा धंदा असूनही केलं नाही.

गोरक्षनाथही आला. दहा वर्षांत पहिल्यांदा तो याच्या फळीवर टेकला. म्हणाला, "मास्तर, आपलं जातं त्याचं काय न्हाई हो. पन लोकांनी विश्वासानं दिल्यालं जातं, तवा तोंड दाखवू वाटत न्हाई. झोप न्हाई मला. तुमचंबी तसंच झालं असंल." त्याचे डोळे खरंच सुजलेले होते. शांतवननं हो म्हटलं. त्याला त्या क्षणी गोरक्षनाथची कीव यायला हवी होती. त्याला बरं वाटलं, की आता आपण दोघं एका पायरीवर आलो.

घरी साराच्या कानावर आलंच. तिनं विचारलं, कुठली पेटी? यानं कोल्हारची सांगितली. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "ती तर महाराज घेऊन गेले. उद्या जाऊन सांगा सगळ्यांना." शांतवन म्हणाला, सांगतो. आणि सांगायला तो निघालाही होता, पण वाटेत गोरक्षनाथच्या काचेच्या दारात जस्टिन उभा दिसला आणि याचे पाय थांबले. आता सांगायचं म्हणजे सगळा बाजार हसणार, आणि सगळ्यात आधी हसणार तो हा. त्यापेक्षा चार दिवस जाऊ द्यावेत, लोक विसरतील.

लोक विसरायचे ते आता विसरेनात. ज्यांची ज्यांची पेटी शांतवनकडे टाकलेली होती, त्यांना सगळ्यांना एकदमच आठवण आली. एक पेटी गेली म्हणतात, ती आपली तर नव्हे? आधी फोन आले, मग माणसं आली. आपली पेटी फळीवर बघून त्यांचा जीव भांड्यात पडायचा, पण मग नजर त्या लाकडी दाराकडे आणि त्या एका कुलपाकडे जायची. शांतवन म्हणायचा, भाता अजून वाळला नाही, दोन दिवस थांबा. ते म्हणायचे, राहू द्या मास्तर, सप्ताहाला वेळ आहे, तोवर घरी ठेवतो. तुमच्यावर भरवसा नाही असं नाही, दिवस वाईट आहेत. विहारातली गेली, दोन शाळांतल्या गेल्या, संगमनेरच्या गाण्याच्या क्लासची गेली. काही तर आतले पितळी सूर काढून ठेवलेल्या तशाच गेल्या, सूर वर्तमानपत्रात बांधून.

चर्चची पेटी न्यायला जस्टिन स्वतः आला. ती पेटी शांतवनच्या बापानं पहिल्यांदा उघडली होती, आत बापाच्या हातची तारीख होती. जस्टिननं खांद्यावर हात ठेवला, तुमच्यासाठीही प्रार्थना करतोय म्हणाला. ज्या हातासाठी शांतवन चार दिवस जळत होता तो हात खांद्यावर आला आणि पेटी घेऊन गेला.

आणि शेजारी काय चाललं होतं? गोरक्षनाथ ज्यांचे मोबाईल गेले त्यांच्या घरोघरी जाऊन हात जोडत होता. जमेल तसा दुसरा मोबाईल देत होता, शिव्या ऐकून घेत होता. भांडायला आलेली माणसं हळूहळू परत गिऱ्हाईक म्हणून येत होती. शांतवन रिकाम्या फळ्यांखाली बसून ते बघायचा आणि त्याचा तिळपापड व्हायचा. ज्याच्याकडे खरंच चोरी झाली त्याच्याकडे लोक परत येतात आणि ज्याच्याकडे झालीच नाही त्याच्याकडचे निघून जातात, हा कुठला न्याय, असं तो साराला विचारायचा. तिनं त्या आठवड्यात त्याच्याशी बोलणं फार कमी केलं होतं.

फेब्रुवारी लागला तेव्हा फळीवर एकच पेटी राहिली होती, निळ्या कापडात बांधलेली. ती रंभाजीची. रंभाजी भीमगीतं गायचा. जिल्ह्यात असं गाव नसेल जिथं त्याच्या गाण्यानं रात्र जागली नाही. तो वारला तेव्हा त्याच्या बायकोनं, भागिरथीबाईनं, ती पेटी शांतवनकडे आणून ठेवली. दुरुस्तीला नव्हे, सांभाळायला. पत्र्याच्या घरात उंदीर कुरतडतील म्हणाली. पुढं ती संगमनेरला लेकीकडे राहायला गेली. वर्षातून एकदा जयंतीच्या आधी यायची, शांतवनला पेटीवर चार सूर धरायला लावायची, डोळे मिटून ऐकायची आणि पुन्हा बांधून ठेवायला सांगून जायची. अकरा वर्षं असं चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती बोळात आली. पंचाहत्तरीची बाई, एकटी एस्टीनं आलेली. दारातच पायरीवर बसली, पाणी मागितलं, घोटभर प्यायली आणि आत न बघताच बोलायला लागली.

"पोरगी म्हनली, शांतवनकडं चोरी झाली, पेटी गेली. म्या तवाच वळाकलं, माझीच आसंल. लई रडले आदी. मंग म्हनलं, आपन रडतोय आन तकडं त्याच्या जिवाचं काय झालं आसंल. म्हून आले. तू जिवाला लावून घिऊ नगं, शांतवन. अकरा वर्सं सांबाळलीस, लई झालं."

शांतवननं वर हात घातला, निळं गाठोडं उतरवलं आणि तिच्यापुढं ठेवलं. म्हणाला, "आक्का, तुमची हाय."

भागिरथीबाईनं गाठ सोडली. पट्ट्यांवरून हात फिरवला, एकेक पट्टी चाचपली. तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. थोड्या वेळानं तिनं मान वर करून दुकान बघितलं, तिन्ही भिंतींवरच्या रिकाम्या फळ्या बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. मग कुणाची गेली, असं तिनं विचारलं. शांतवन रिकाम्या फळीवरची धूळ पुसायला लागला. भजनवाल्यांची का, असं विचारलं. तो पुसतच राहिला. तिला वाटलं, याला सांगायला जड जातंय.

ती म्हणाली, "आसं कर. माझी हाय ती त्यान्ला दे. त्यांचं भजन खोळंबलं आसंल. हितं बांदून ठिवन्यापरीस वाजती राहील. आमच्या मानसालाबी बरं वाटंल."

गाठोडं तिनं दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवलं. आता शांतवनपुढं दोनच रस्ते होते. ती पेटी हातात घ्यायची, नाहीतर तोंड उघडायचं. इतका वाईट तो नव्हता. त्यानं तोंड उघडलं.

"आक्का, कुनाचीच गेली न्हाई. चोर आलेच न्हाईत माझ्याकडं."

मग त्यानं सगळं सांगितलं. हवालदार, गर्दी, आल्याचा चहा, जस्टिनचा हात, तो उसासा. "त्याच्याकडं समदं गाव आलं, आक्का. माझ्याकडं कुनी फिरकलंबी न्हाई. माझ्यानं बघवलं न्हाई. जळलो मी." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे मोठ्यानं कबूल केलं होतं. त्याला वाटलं, आता ती रागवेल, मग समजूत घालेल, लहानपणापासून ओळखते ती आपल्याला.

भागिरथीबाई रागावली नाही. तिनं निळ्या कापडाची टोकं ओढली आणि सावकाश गाठ मारली. मग दुसरी मारली. पायरीचा आधार घेऊन उठली.

शांतवन घाईनं म्हणाला, आता कुलूप चांगलं लावतो, शटर बसवतो, इथं भीती नाही.

"चोराच्या भ्यानं न्हाई नेत मी," ती म्हणाली. "चोरानं नेली आसती तर म्या तुला येक सबुद बोलले नसते. दुसरी आनून तुझ्याकडंच ठिवली आसती."

शांतवन पेटी उचलायला वाकला. तिनं हातानं त्याला बाजूला केलं, जोरानं नाही, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. तिनं शेजारच्या काचेच्या दाराकडे बघून हाक मारली, "ये लेकरा, जरा हे रिक्षापत्तुर आनून देतो का?"

गोरक्षनाथ हातातलं काम टाकून बाहेर आला. त्यानं एकदा शांतवनकडे बघितलं, काही विचारलं नाही, खाली वाकून दोन्ही हातांत गाठोडं उचललं आणि कसं धरायचं, आडवं की उभं, असं त्या बाईला विचारलं.

"आडवं धर," भागिरथीबाई त्याच्या मागून चालता चालता म्हणाली. "कायबी व्हायचं न्हाई. तुझ्याकडं दिलीया."